सुगरणीची निम्मी घरटी अर्धवट का? फांद्या छाटायच्या आहेत

बांधावरचा
विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची बरीच घरटी लटकली आहेत. काहींना खाली लांब नळी आहे. पण निम्म्याहून जास्त नुसती टोपीसारखी, खालून उघडी आणि मधोमध एक आडवी पट्टी. ही टाकून दिलेली असतात का? तसं असेल तर त्या फांद्या आत्ता ऑगस्टमध्येच काढतो, विहिरीत फार काडीकचरा पडतो. आणि नर एवढं विणून अर्ध्यावर का सोडतो?

रानपाखरू
आत्ता कोयता लावू नका. टोपी म्हणजे टाकलेलं घरटं असं नाही, बऱ्याचदा ते मादीची वाट बघत असतं. नर साधारण ८ दिवसांत इथवर येतो, मग घरट्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडलं तरच पट्टीच्या एका बाजूला अंड्यांचा कप्पा आणि दुसऱ्या बाजूला नळी होते. पूर्ण घरट्याला १८ दिवसांच्या आसपास लागतात आणि पात्यांच्या खेपा ५०० पर्यंत जातात. नाकारल्या जाणाऱ्या घरट्यावर एवढे कष्ट घालणाऱ्या नराला त्या हंगामात दुसरं उभं करायला वेळ उरत नाही.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला हेच बारकाईने पाहिलं. एका मादीने घर घेतलं की नर लगेच पुढचं विणायला घेतो. अंडी उबवणं मादीकडेच.

गवतपातं
एक भर घालतो. नर हिशेब करून थांबत नाही. थांबण्याची प्रवृत्ती असलेल्या नरांची पिल्लं जास्त जगली, म्हणून ती प्रवृत्ती टिकली. विणण्याची ओढ उपजत, सफाई सरावाची. आफ्रिकेतल्या एका विणकर पक्ष्यावर कोलियास या पक्षी-अभ्यासक दांपत्याने प्रयोग केले. लहानपणी विणायला काहीच न मिळालेल्या नरांना पुढे पट्ट्या फाडणंही नीट जमेना.

फाडण्याची रीत बघण्यासारखी आहे. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला कडेला चावा घेऊन खाच पाडायची, कड चोचीत धरायची आणि उडायचं. २० ते ६० सेंमीची पट्टी सुटून येते. पातं हिरवंच हवं, वाळलेलं गाठ मारताना तुटतं.

टोपीत चिखलाचे गोळेही दिसतील. वाऱ्यात घरटं स्थिर राहावं म्हणून, असं म्हणतात, पण त्यावर एकमत नाही.

पाणवठा
छाटणीचं सांगतो. अंडी २ ते ४, उबवण १४ ते १७ दिवस, पिल्लं आणखी सुमारे १७ दिवस आत. म्हणजे अंडी घातल्यापासून महिनाभराहून जास्त. सप्टेंबरात वसलेलं घरटं ऑक्टोबरात जातं, म्हणून नोव्हेंबरच धरा. मादी किडे घेऊन नळीत शिरत असेल तर आत पिल्लं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच मोडतं.

तोवर विहिरीच्या तोंडावर बांबूच्या चौकटीत शेडनेट ताणा. मात्र ती नळ्यांच्या टोकांपासून निदान पाच-सहा फूट खाली राहू द्या. पाण्यावर लोंबणाऱ्या घरट्याला साप-उंदराची वाट अवघड असते. चौकट नळीला टेकली तर त्यांना शिडीच मिळेल.