चर्चा धागा: मामांचं कन्फेशन झालं, पण आईच्या हिश्श्याचं काय?

मासुंदा (ठाणे पश्चिम)
ईस्टरनंतरचा पहिला रविवार म्हणजे दैवी दयेचा रविवार. त्या दिवसांत तलावपाळीजवळच्या आमच्या चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, मोठी रांग लागते आणि त्या रांगेत माझे मामा असतातच. आजोबा गेल्यावर गावठाणातलं घर मामांनी बिल्डरला दिलं. 'टॅक्सचं काम आहे' असं सांगून आईच्या सह्या घेतल्या. पुढे प्रॉपर्टी कार्डावर एकट्या मामांचं नाव लागलं. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी ख्रिस्ती. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आम्हाला लागू आहे आणि त्यात बापाच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत. आईला मिळालं काय, तर ख्रिसमसला केकचा डबा.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, 'एकमेकांना शांती द्या' म्हटलं की मामा बाकावरून मागे वळून आईला हात जोडतात. आईही हात जोडते. मग दोघं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायला जातात.

माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचं हिरावलेलं परत करायला सुरुवात केल्याशिवाय फादरनी पापमुक्ती देऊ नये. देवाची दया हवी असेल तर आधी बहिणीकडे जा. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू हेच सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर.

जपमाळ (पोखरण)
तुमच्या आईवर अन्याय झाला, यात वादच नाही. पण तुम्ही दयेला अट घालताय आणि अट घातली की ती दया राहत नाही. येशूच्या दृष्टांतातला उधळा पुत्र सगळा पैसा उडवून घरी परतला, तेव्हा त्याच्या बापाने 'माझा पैसा कुठे उडवलास' असं विचारलं का? मुलगा दूर होता तेव्हाच बाप धावत गेला. मुलाने पाठ केलेली माफीसुद्धा त्याने पुरती बोलू दिली नाही.

सिस्टर फाउस्टिना ही पोलंडच्या मठात स्वयंपाक, बाग आणि दाराची राखण करणारी बाई, शिक्षण जेमतेम. २२ फेब्रुवारी १९३१ ला तिला येशूचं दर्शन झालं. एक किरण पांढरा, पाण्याचा. एक लाल, रक्ताचा. तसंच चित्र काढून घ्यायला येशूने सांगितलं आणि 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' ही ओळ त्या चित्राखाली लिहायची होती. ती १९३८ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेली. तिच्या लिखाणाच्या प्रसारावर १९५९ मध्ये रोमनेच बंदी घातली, ती १९७८ मध्ये उठली. ३० एप्रिल २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं आणि हा रविवार साऱ्या चर्चला दिला. या सगळ्याचा गाभा एवढाच: जितका मोठा पापी, तितका त्याचा या दयेवर जास्त हक्क. मामा रांगेत येतात हीच कृपा आहे. तुम्ही त्यांना रांगेतून बाहेर काढू नका.

नेरूळकर
मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. बाहेरून पाहणाऱ्याला हीच गोष्ट खटकते. शनिवारी संध्याकाळी जाळीपाशी गुडघे टेकून सांगून टाकलं की रविवारी माणूस मोकळा! मग सोमवारी पुन्हा तेच करायला त्याला कोण अडवतं? आमच्याकडेही तीर्थात बुडी मारून पाप धुणारे आहेत, तेही मला पटत नाही. ज्याचं नुकसान झालं तो या व्यवहारात कुठेच दिसत नाही.

धर्मशिक्षक_वाशी
मी मुलांना कॅटेकिझम, म्हणजे चर्चची धर्मशिकवण, शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

नेरूळकर, नुसतं सांगून टाकलं की झालं, असं चर्च कधीच शिकवत नाही. पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई, अशा तीन गोष्टी पाप करणाऱ्याने करायच्या असतात. पश्चात्तापात 'पुन्हा करणार नाही' हा निश्चय आलाच. तो मनात नसेल तर फादरनी कितीही शब्द उच्चारले तरी पापमुक्ती लागू होत नाही, कारण माणूस देवाशी खोटं बोललेला असतो. कॅटेकिझमचा १४५९ वा परिच्छेद तर सरळ सांगतो की शेजाऱ्याचं नुकसान केलं असेल तर शक्य ते सगळं भरून द्यावं, चोरलेलं परत करावं. पापमुक्तीने पाप जातं, पापाने झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही.

आता मासुंदा, तुमच्याशी थोडं भांडते. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ९८० प्रमाणे, समोरच्याच्या तयारीबद्दल शंका नसेल तर फादरना पापमुक्ती नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. आणि मामांनी आत काय सांगितलं हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? कदाचित घराचा विषय त्यांनी कधी काढलाच नसेल. 'बहिणीला दिलं का?' असं फादरनी विचारलंही असेल, पण कन्फेशनचं गुपित इतकं कडक असतं की ते तुम्हाला, तुमच्या आईला, पोलिसांनासुद्धा सांगू शकत नाहीत. गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूवर बहिष्काराची शिक्षा येते. तेव्हा फादरनी काय केलं नाही याचा हिशेब आपण बाहेर बसून मांडू नये.

कोपरीवाला
मधला माणूस हवाच कशाला? योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, आपण पापं कबूल केली तर देव विश्वासू आहे, तो क्षमा करील. त्यात फादरचं नाव नाही.

जपमाळ (पोखरण)
@कोपरीवाला, योहानाच्याच शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू शिष्यांवर श्वास फुंकतो आणि म्हणतो, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल. दयेच्या रविवारी हाच उतारा वाचतात.

@मासुंदा, सिस्टर राणी मारिया या ननचं उदाहरण घ्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या वाटेवर त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. मारेकरी समंदर सिंग. राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. तो बदलला तो त्या राखीमुळे. आधी भरपाई कर, मग राखी बांधते, असं त्या म्हणाल्या असत्या तर?

मासुंदा (ठाणे पश्चिम)
जपमाळ, सिस्टर सेल्मींबद्दल मला अपार आदर आहे. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. राखी बांधली तेव्हा समंदर सिंग तुरुंगात होता, २००६ पर्यंत होता. न्यायालयाने शिक्षा दिली होती, गुन्हा जगासमोर आला होता. शिवाय सिस्टर सेल्मी स्वतःच्या मनाने गेल्या, कुणी त्यांना 'तुम्ही ख्रिस्ती ना, माफ करा' म्हणून ढकललं नव्हतं. माझ्या आईला ढकलतात. मिस्सा संपल्यावर बायका गाठून म्हणतात, 'भाऊच आहे गं, सोडून दे.' आई दम्याचे पंप महिना पुरावा म्हणून जपून वापरते आणि लोक तिच्याकडून आणखी मोठं मन मागतात. मामांकडे कुणी काही मागत नाही.

बायबलमधला जक्कय घ्या, लोकांना फसवून श्रीमंत झालेला जकातदार. त्याला येशूने अट घातली नाही, हे मान्य. येशू आपणहून त्याच्या घरी गेला. पण जक्कयाने काय केलं? उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. आज या घराला तारण झालं आहे, असं येशू त्यानंतर म्हणाला. चौपट नको, आम्हाला एकपट चालेल.

जपमाळ (पोखरण)
येशू घरी जायचं ठरवतो ते आधी. चौपट नंतर. क्रम मी तुमच्यासाठी सोडणार नाही. पण तुमच्या आईला 'सोडून दे' म्हणणाऱ्या बायका चुकतात. माफ करणं तिच्या हाती आहे, हक्क सोडणं ही वेगळी गोष्ट. मनातून माफ करून ती वकिलाकडे गेली तरी पाप होत नाही.

नेरूळकर
हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. एक शंका: समजा मामा काही न देता गेले, तर? कन्फेशन होऊनही?

धर्मशिक्षक_वाशी
मनापासून पश्चात्ताप असेल तर पाप क्षमा झालेलं असेल. पण क्षमेनंतरही पापाचं ऋण उरतं, ते इथे नाहीतर मेल्यानंतर शुद्धिस्थानात फेडावं लागतं. दयेच्या रविवारची पूर्ण दंडमाफी त्या ऋणासाठीच आहे. रोमच्या २००२ च्या फर्मानात तिच्या अटी आहेत: कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची कसलीच ओढ मनात नसणं. ही शेवटची सर्वांत कठीण. देणं शक्य असताना बहिणीचा हिस्सा दाबून बसलेल्याला ती कशी पुरी करता येणार?

आणि मामा गेले तरी विषय संपत नाही. अन्यायाने आलेलं धन मुलांकडे गेलं म्हणून ते मुलांचं होत नाही.

मासुंदा, माझं ऐका. फादरना कन्फेशनबद्दल विचारू नका, ते बोलणार नाहीत. ऑफिसच्या वेळेत आईला घेऊन जा, प्रॉपर्टी कार्डाचा जुना आणि नवा उतारा सोबत ठेवा. दोन्ही भावंडांना एकत्र बसवायला सांगा. हे ते करू शकतात, करायलाच हवं.

मासुंदा (ठाणे पश्चिम)
नवा उतारा आहे. आजोबांच्या नावाचा जुना सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून काढावा लागेल, सोमवारी अर्ज देते. आईला विचारलं, येशील का. म्हणाली, येईन, पण मामीलाही बोलवा, तिच्यासमोर बोलायचं आहे.