प्रतिसाद : 'हळू चाला, चरबी जळते' याबद्दल

वर दादांनी लिहिलंय की पळू नका, हळू चाला, तरच चरबी जळते. अर्धं खरं आहे. संथ चालताना शरीर चरबीतून जास्त टक्के ऊर्जा घेतं आणि वेग वाढला की स्नायूंतल्या साखरेकडे, म्हणजे ग्लायकोजेनकडे वळतं. पण टक्के कशाचे, ते बघा की!

सत्तर किलोच्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडतो. रंकाळ्यावर अर्धा तास चाललं तर साधारण १२० कॅलरी जातात. त्यातल्या निम्म्या चरबीच्या धरल्या तर ६०. तेवढाच वेळ पळलं तर ३०० च्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा धरला तरी १००. टक्के कमी आणि चरबी जास्त! तरी पळण्यातल्या या १०० कॅलरी म्हणजे चरबी फक्त अकरा ग्रॅमच्या आसपास, कारण एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात.

आणि परत येताना मिसळ, वर दोन पाव जास्तीचे... मी स्वतः दोन वर्षं हेच केलं. वजन तसूभर हललं नाही. व्यायामात नेमकं काय जळलं यापेक्षा दिवसभराची गोळाबेरीज वजन ठरवते.

म्हणून चालणं सोडू नका. गुडघे दुखत असतील तर चालणंच बरं, ते तासभर जमतं, पळणं दहा मिनिटांत संपतं. फक्त इतक्या वेगाने चाला की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये राजकारण निघालं की वेग आपोआप वाढतो, तो भाग वेगळा.