मदत हवी आहे: सुपारी किलरच्या सिनेमात जिन्यावरचा गोळीबार

कमी बजेटची हिंदी क्राइम थ्रिलर. दोन भाडोत्री मारेकरी, चाळीचा अरुंद जिना, रात्र, उजेड ट्यूबलाइटचा. सेकंदाला २४ फ्रेम असताना कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर (म्हणजे १/५० सेकंद) ठेवलं की ५० हर्ट्झ विजेवरच्या ट्यूबलाइटचा फ्लिकर (लुकलुक) जातो, तो प्रश्न नाही.

अडलंय बंदुकीच्या नळीतून निघणाऱ्या झोतापाशी. ब्लँक (गोळी नसलेली काडतुसं) नकोत: परवाना, खर्च, आणि इतक्या जवळून धोका. तसाही खरा झोत काही मिलिसेकंदांचा आणि शटर निम्मा वेळ बंद, म्हणजे फ्रेममध्ये सापडेलच असं नाही. झोत पोस्टमध्ये (शूटिंगनंतर संगणकावर) टाकता येतो, पण भिंतीवर, चेहऱ्यावर उजेड पडला नाही तर नकलीपणा लगेच उघडा पडतो. त्यासाठी एलईडी पॅनेल क्षणभर पेटवायचं, तर रोलिंग शटरमुळे (कॅमेरा फ्रेम ओळीओळीने टिपतो) अर्धीच फ्रेम उजळते. पल्स (पॅनेल पेटलेलं राहण्याचा वेळ) ८० मिलिसेकंदांचा ठेवून जादा फ्रेम एडिटमध्ये काळी करावी का? की ४० पुरतो? कोणी करून पाहिलंय?

दुसरं, नकली रक्त. ग्लुकोज सिरप, खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको. ट्यूबलाइटखाली गुलाबी दिसतंय. कोको वाढवला की चॉकलेट! निळ्या रंगाचा थेंब टाकावा, की ग्रेडिंगवर (नंतर रंग सुधारण्यावर) सोडावं? मारेकऱ्याचे शर्ट तीनच आहेत, डाग निघत नाही, त्यामुळे टेक मोजकेच.