ऐनावरच्या हुमल्यांनी सुरवंटाला वेढले आहे; कीटकनाशक फवारावे का?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. आमच्या काजूबागेच्या कडेला ऐनाचे जुने झाड असून त्यावर हुमल्यांनी, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मुंग्यांनी, पाने शिवून पाच-सहा घरटी केली आहेत. बिया गोळा करताना हे हुमले कडकडून चावतात, म्हणून हंगामापूर्वी झाडावर कीटकनाशक फवारावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. गेल्या रविवारी घरटी मोजायला गेलो असता एका कोवळ्या पानावर चपटा, फिकट हिरवा सुरवंट दिसला. त्याच्याभोवती दहा-बारा हुमले होते आणि काही जण पाठीवर चढून स्पर्शिकांनी त्याला थोपटत होते. अर्धा तास थांबलो, पण एकानेही त्याला चावा घेतला नाही. हे हुमले त्याला राखत आहेत का, आणि ते गेले तर त्याचे काय होईल?

प्रतिसाद १ (वाळपई)

आपण पाहिलेला सुरवंट बहुधा ओकब्लू गटातील फुलपाखराचा असावा, कारण या गटातील काही जाती ऐनासारख्या झाडांवर हुमल्यांच्या सोबतीने वाढतात. त्याच्या पोटाच्या सातव्या खंडावर एक मधुग्रंथी असते. मुंगीने स्पर्शिकांनी थोपटले की तिच्यातून साखर आणि अमिनो आम्ले असलेला थेंब बाहेर येतो, आणि आपल्याला दिसलेले थोपटणे त्यासाठीच होते. आठव्या खंडावर दोन शुंडिका, म्हणजे आत-बाहेर होणारे बारीक अवयव, असतात. सुरवंट बिथरला की त्या बाहेर येतात आणि मुंग्या एकदम सावध होतात. सुरवंटाच्या शरीरात अंडी घालू पाहणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या आणि कोळी यांना हा पहारा दूर ठेवतो, त्यामुळे हुमले नाहीसे झाले तर तो उघडा पडेल. अर्थात फवारणी केली तर औषधाने तो स्वतःच आधी मरेल. अशी सोबत जवळून पाहायची असेल, तर अंगणात शोभेसाठी लावलेल्या सायकसची कोवळी पाने तपासावीत. तेथे प्लेन्स क्युपिड या फुलपाखराच्या सुरवंटांभोवतीही मुंग्या असतात.

प्रतिसाद २ (मडगाव)

वरील माहिती योग्य आहे. मात्र या नात्याला सरसकट परस्पर फायद्याचे म्हणताना मला थोडे थांबावेसे वाटते. जपानमधील एका ओकब्लू जातीवरील संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की सुरवंटाचा स्राव प्यायलेल्या मुंग्यांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी होते, त्यांची हालचाल मंदावते आणि त्या सुरवंटाजवळच रेंगाळतात, म्हणजे मुंगीला अन्न मिळते हे खरे असले तरी तिचे वागणेही बदलले जाते. याच कुळातील मॉथ बटरफ्लाय या फुलपाखराचा सुरवंट तर हुमल्यांच्या घरट्यात राहून त्यांच्याच अळ्या खातो. त्याची पाठ चामड्यासारखी कठीण असते, आणि कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराच्या अंगावरचे सैल खवले हल्ला करणाऱ्या मुंग्यांना चिकटतात, तेवढ्यात ते निसटते. तरीही आपल्या झाडावर जे दिसले ते देवाणघेवाणीचेच उदाहरण आहे, यात मला शंका नाही.

प्रतिसाद ३ (फोंडा)

मी बागायतदार आहे आणि माझी कळकळीची विनंती आहे की फवारणी करू नये. काजूच्या पालवीतील आणि मोहोरातील रस शोषणाऱ्या ढेकण्या या किडीवर हुमले तुटून पडतात. ते पिठ्या ढेकूण या दुसऱ्या किडीलाही तिच्या गोड स्रावासाठी सांभाळतात ही त्यांची दुसरी बाजू आहे, तरी ढेकण्याचा त्रास असलेल्या बागेत मी त्यांना ठेवूनच घेईन. मुंग्या हरवल्या की काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले आहे. तेथील लार्ज ब्ल्यू फुलपाखराचे सुरवंट एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढतात. चराई कमी होऊन गवत वाढले, जमीन थंड झाली, ती मुंगी घटली आणि 1979 मध्ये फुलपाखरूही तेथून नामशेष झाले. पुढे ते स्वीडनमधून आणून पुन्हा वसवावे लागले. चावण्यावर उपाय म्हणून ऐनाच्या ज्या फांद्या काजूला टेकतात तेवढ्याच छाटाव्यात, कारण हुमल्यांची मुख्य वाट फांद्यांवरूनच असते. छाटण्यापूर्वी त्या फांदीवर सुरवंट किंवा कोष नाही, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ता (डिचोली)

सर्वांचे आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. काजूला टेकणाऱ्या तीन फांद्या आहेत, त्यांपैकी दोन उद्या सकाळी छाटू. तिसरीवर तो सुरवंट असल्याने ती फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत तशीच राहील.