डिलक्स प्रतीला ‘फर्स्ट’ म्हणायचं का?

शिवणबांधणी
हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची ब्लूम्सबरी या त्याच्या मूळ प्रकाशकाने १९९९ मध्ये काढलेली डिलक्स प्रत हल्ली सर्रास ‘फर्स्ट एडिशन, फर्स्ट प्रिंटिंग’ म्हणून विकतात. कापडी बांधणी, सोनेरी कडा, वर लेखिकेच्या सहीचा ठसा. कॉपीराइटच्या पानावर १० ते १ आकडे आहेत, त्यातला १ म्हणजे पहिली छपाई, या जोरावर भाव चढवायचा. माझ्या मते हे फर्स्ट नव्हेच. फर्स्ट म्हणजे जून १९९७ची हार्डबाउंड. छापल्याच ५००, त्यातल्याही बऱ्याच वाचनालयांत गेल्या. दोन वर्षांनी त्याच मजकुराला शालू नेसवला म्हणून तो पहिला कसा होईल?

कागदकिडा
अहो, त्या ५०० पैकी एक प्रत २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात ४,७१,००० डॉलरला गेली. बाकीच्यांनी काय संग्रह करूच नये? डिलक्सची बांधणी वेगळी, छपाई वेगळी, मग तिची पहिली खेपही तिचीच. आकड्यांची ओळ आली ती मुळात छापखान्याच्या सोयीसाठी. पुन्हा छापताना नवं काही जुळवायला नको, प्लेटवरचा सगळ्यात लहान आकडा खरवडला की काम झालं. १ शाबूत असेल तर ती या बांधणीची पहिली छपाई. जाहिरातीत ‘पहिली डिलक्स छपाई’ लिहावं, इतकंच.

शिवणबांधणी
‘इतकंच’ काय? ‘डिलक्स’ हा शब्द गाळण्यातच तर सगळा धंदा आहे.

दप्तरी
तुम्ही दोघंही त्या ओळीवर फार विसंबताय. रँडम हाउस या अमेरिकी प्रकाशकाच्या पुस्तकांत कित्येक वर्षं पहिल्या छपाईची ओळ २ वरच संपायची आणि सोबत ‘फर्स्ट एडिशन’ छापलेलं असायचं. दुसऱ्या छपाईला ते शब्द उडायचे. नुसता १ शोधणारा खरी प्रत हातची घालवतो.

आणि ईस्टन प्रेस हे प्रकाशन काढतं त्या चामडी प्रतींचं काय? कण्यावर उंचवट्याच्या पट्ट्या, आत रेशमासारखं चमकणारं कापडी अस्तर, खुणेची फीत. सगळा थाट आहे, पण कितवी छपाई ते बहुतेकांवर लिहिलेलंच नसतं. तेच पुस्तक वर्षानुवर्षं निघत राहतं, मधेच चामड्याचा रंग बदलतो. मग हिरवी आधीची की तांबडी? विक्रेत्याकडे जी असेल ती! मी रंगाला व्हेरिएंट, म्हणजे नुसता वेगळा प्रकार म्हणेन. त्यावरून छपाई ठरवणार नाही.

कागदकिडा
ओळ नसेल तर चुका बघा. १९९७च्या पॉटरमध्ये ५३व्या पानावर शाळेच्या सामानाच्या यादीत ‘१ वाँड’ (जादूची छडी) दोनदा आलंय.

दप्तरी
बरोबर, पण तेव्हाच निघालेल्या पेपरबॅकमध्येही ते आहे. चूक मजकुराची असते, बांधणीची नाही. जाता जाता, त्या पहिल्या हार्डबाउंडला जॅकेट, म्हणजे वरचं सुटं कागदी वेष्टन, नव्हतंच, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापलंय. तेव्हा कोणी ‘मूळ जॅकेटसकट’ देऊ लागला तर नमस्कार करून निघा.

हातकागद
मोजक्याच छापून प्रत्येकीवर क्रमांक घालतात त्या क्रमांकित प्रतींतही हाच घोळ. २५० पैकी ३ क्रमांकाची प्रत म्हणजे तिसरी छापलेली, असं धरून जादा पैसे मोजणारे आहेत. क्रमांक छपाई आटोपल्यावर हाताने घालतात. सहीचं पान बऱ्याचदा वेगळं सही करून मागाहून आत घालतात. त्यातून स्लिपकेस (पुस्तक सरकवून ठेवायची पेटी) दुसऱ्याच प्रतीची निघाली की संपलंच. त्यापेक्षा फोलिओ सोसायटी ही प्रकाशनसंस्था बरी, कितवी छपाई आणि कोणत्या साली ते पानावर सांगते. आपले मराठी प्रकाशकही आवृत्ती, पुनर्मुद्रणं तारखांसकट छापतात. त्याची किंमत अशी पुस्तकं घेताना कळते.

शिवणबांधणी
माझं म्हणणं तेच आहे. एका विक्रेत्याकडे कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागितला, तर गृहस्थाने सोनेरी कडांचेच फोटो पाठवले. वर ‘साहेब, फर्स्टच आहे’ हे आहेच.

कागदकिडा
मग नका घेऊ. पण ते पान आलं आणि १ निघाला, तर आधी मला कळवा.