मदत हवी आहे: सोमवारी पहिली केमो, काय तयारी ठेवू? (इंदूर)

रामबागची_धाकटी:
मोठ्या जाऊबाईंची केमो सोमवारी सुरू. सोबत मीच जाणार. काय काय लागतं ते पटापट सांगा. आणि हाताला लागतेय एवढी गाठ, तर आधी ऑपरेशन का नाही? डॉक्टर पाच मिनिटांत मोकळे झाले.

नर्मदे_हर:
गाठ कुठे? वय? रिपोर्ट?

रामबागची_धाकटी:
छातीत, डावीकडे. वय 46.

नर्मदे_हर:
छातीत म्हणजे फुप्फुसात की स्तनात?

रामबागची_धाकटी:
दुसरं. घरात तो शब्द कुणी काढत नाही, इथेही हात अडला.

जुना_इंदुरी:
टाटाला न्या. अवंतिकेनं रात्रीत मुंबई.

नर्मदे_हर:
भिया, त्यांनी गाडी विचारली नाहीये. दर तीन आठवड्यांनी रेल्वेत उलट्या काढायच्या का?

बडोद्याची_ताई:
मी यातून गेलेय. माझीही केमो आधी झाली, ऑपरेशन नंतर. गाठ आक्रसली तर पूर्ण स्तन काढावा लागेलच असं नाही, आणि औषध लागू पडतंय का ते डोळ्यांसमोर दिसतं. रिपोर्टात ई-आर, पी-आर (हार्मोनच्या चाचण्या) आणि हर-टू (गाठीतल्या एका प्रथिनाची चाचणी) काय आलंय? गाठीत खुणेची बारीक क्लिप बसवली का? गाठ पार विरघळली तर सर्जन जागा शोधणार कशी!

रामबागची_धाकटी:
पहिले दोन निगेटिव्ह. हर-टूपुढे 3+. क्लिपचं कुणी बोललंच नाही.

बडोद्याची_ताई:
3+ म्हणजे पॉझिटिव्ह. त्याचं वेगळं इंजेक्शन असतं, ट्रास्टुझुमॅब. ते हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झालाय का बघा. क्लिपचं उद्याच विचारा.

निसर्गप्रेमी:
रोज गव्हांकुराचा रस द्या. आमच्या मावशींना फार गुण आला.

बडोद्याची_ताई:
केमोनं पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग पटकन होतो, त्यात कच्चा रस? डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. ताप 100.4 झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. तोंड येतं, तेव्हा पोह्यांवरची शेव आणि तुमचा तो जिरावण मसाला बंद.

जुना_इंदुरी:
जिरावणाशिवाय पोहे? त्यापेक्षा उपास बरा.

रामबागची_धाकटी:
केसांचं काय? कमरेपर्यंत आहेत. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर, त्यांच्या डोक्यात बोडकी म्हणजे एकच अर्थ.

बडोद्याची_ताई:
दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसायला लागतील, मग काय सांगणार? मी आधीच खांद्यापर्यंत कापले होते. पण कापायचे की नाही ते जाऊबाईंना ठरवू दे. तुम्ही नाही, सासूबाई तर नाहीच.

रामबागची_धाकटी:
फोन केला. सोमवारी सकाळी क्लिप, केमो मंगळवारी. इको झालेला होता, फाईलमध्येच सापडला. जाऊबाई म्हणाल्या, केस तू काप, पार्लरात नको. घरात पाऱ्याचा थर्मामीटर आहे, चालेल?

नर्मदे_हर:
डिजिटल आणा. रात्री झोपेत पारा कोण वाचत बसणार?

जुना_इंदुरी:
अवंतिकेचं तिकीट बघून ठेवू का तरी?