मदत हवी आहे: मॉडेल कारच्या हेडलाइटची काच हरवली

१/२४ स्केलचं कारचं किट जोडतोय. रंग झाला, डिकॅल्स (गाडीवर चिकटवायची चित्रं) बसले, आणि अगदी शेवटी डाव्या हेडलाइटची पारदर्शक काच चिमट्यातून सटकून उडाली. टॉर्च जमिनीलगत आडवा धरून खोलीभर शोधलं, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पातळ मोजा बांधूनही फिरवलं, पण सापडली नाही. काच जेमतेम ७ मिमी रुंद, बाहेरच्या कडेला वळलेली, आतून बारीक उभ्या रेघा.

उजवी काच शाबूत आहे. तिचा सिलिकॉनचा साचा काढून पारदर्शक रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) ओतायचं म्हटलं, तर हाती पुन्हा उजवीच येणार. डावी म्हणजे तिची आरशातली प्रतिमा. दुसरा मार्ग म्हणजे पुटीचा ठोकळा डाव्या आकारात घासून त्यावर तापवलेली पातळ पारदर्शक शीट ओढायची. आकार येईल, पण आतल्या रेघांचं काय? उजवीकडे रेघा आणि डावीकडे सपाट, हे समोरून लगेच दिसतं.

कुणी थेट हेडलाइटच्या खाचेत यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) भरून पाहिलंय का? मागचा चंदेरी रंग त्याने खराब होतो का, आणि कालांतराने पिवळेपणा येतो का? (चिकटवायला पांढरा पीव्हीए गोंदच वापरणार आहे, सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.)

तोच किट कुणाकडे अर्धवट पडून असेल, तर ज्या फ्रेमला पारदर्शक भाग जोडलेले येतात, फक्त तीही चालेल. सहा महिने या गाडीवर बसलोय, ती एका डोळ्याची ठेवायची नाही.